वीस सेकंदांचा विक्रम

“आजी, पडलात तेव्हा तुम्ही ओरडला का नाहीत?”

प्रश्न तोंडातून सुटला आणि टकळीला वाटलं, आपलं तोंड म्हणजे खरंच बिनझाकणाचं भांडं आहे. दारात चष्मिष आणि लंबू एकमेकींच्या खांद्यात तोंड खुपसून फुसफुसत होत्या. पैज त्यांचीच. “एवढी शूर झालीस ना, मग ऑपरेटर आजींना ते विचार, जे इथं कुणीच विचारत नाही.” शूर म्हटलं की टकळीच्या अंगात वारं भरायचं. गेल्या वर्षापर्यंत ती वर्गात हजेरीला ‘हजर’सुद्धा इतकं पुटपुटत म्हणायची, की बाई तिला आठवड्यातून दोनदा गैरहजर लावायच्या. मग शाळेनं शनिवारची सेवा सुरू केली, म्हाताऱ्या माणसांच्या निवासात जाऊन दोन तास त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचं, आणि निवासातली निम्मी माणसं ठार बहिरी निघाली. पहिल्या शनिवारी एक आजोबा कानाला पंजा लावून गरजले, “पोरी, बातमी वाचतेस की गुपित सांगतेस?” मग ती ओरडून वाचायला लागली. महिनाभरात तिला कळलं की आपल्याला आवाज आहे, चांगला खणखणीत, जिना उतरून खाली वाहनतळापर्यंत जाणारा. तेव्हापासून तो थांबलेला नव्हता. टकळी हे नाव त्यातूनच पडलं आणि ते तिला बक्षिसासारखं आवडायचं.

पण हा प्रश्न विचारल्यावर तो आवाज खोलीत उगीच फार मोठा वाटला. ऑपरेटर आजी पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. उजव्या मनगटाचं प्लास्टर मांडीवर ठेवलेलं, दुसऱ्याचं सामान सांभाळायला घ्यावं तसं. तीन आठवड्यांपूर्वी, शनिवारीच, त्या याच खोलीत पडल्या होत्या, आणि अकराच्या चहाची गाडी आली तेव्हा सापडल्या. त्यांच्या भाच्यानं तक्रार केली. मग राखाडी पिशवी घेतलेल्या तपासनीस बाई आल्या, दोनदा आल्या, आणि सोमवारी शेवटच्या येणार होत्या. निवासात सगळे या विषयाभोवती पाय जपून चालत होते, ओल्या फरशीवरून चालावं तसे. कारण साधं होतं. आजी म्हणत होत्या, बेल दाबली आणि कुणी आलं नाही. यंत्रातली नोंद म्हणत होती, बेलला लगेच प्रतिसाद मिळाला. दोघांतलं एक चूक, आणि यंत्राला काही म्हातारपण आलेलं नव्हतं. तेव्हा आजींना वेळेचं भान उरलेलं नाही, असं ठरत आलं होतं, आणि ज्यांना भान उरत नाही त्यांची जागा तिसऱ्या मजल्यावर होती. तिथल्या दारांच्या कड्या बाहेरून होत्या.

“ओरडायचं कशाला?” आजी म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या. उलट इतक्या सोप्या गोष्टीचं नवल वाटल्यासारख्या तिच्याकडे बघत होत्या. “दिवा विझला होता ना.”

“म्हणजे?”

“अगं, मी खिडकी लावायला उठले, पाय घसरला. वायर धरून ओढली तशी बेलचं बटण खाली आलं, ते दाबलं. तो बघ, दारावर लाल दिवा आहे ना, तो लागला. आणि मग विझला.” त्यांनी डावा हात उघडून दाखवला, संपलं, असा. “एकतीस वर्षं टेलिफोनच्या बोर्डावर बसले मी. दिवा लागला की कुणीतरी बोलावतंय. विझला की कुणीतरी उचललंय. उचललेल्या कॉलवर परत घंटा मारत नाहीत, पोरी. पलीकडची बाई कामात असते. तिच्यासमोर अजून चाळीस दिवे असतात. मग मी पडल्या पडल्या मोजत राहिले. सोळा कॉल झाले.”

“सोळा कॉल?”

“तीन मिनिटांचा एक. तीन मिनिटं झाली की आम्ही मध्ये तोंड घालायचो, ‘तीन मिनिटं झाली, वाढवायचंय का?’ त्या दिवशी सोळा वेळा वाढवून दिलं.” त्या हसल्या. “तुमच्या त्या तपासनीस बाईंनाही सांगितलं. त्यांनी सोळा कॉल असं लिहून घेतलं, आणि लगेच विचारलं, आज वार कोणता? मी म्हटलं, तुमच्या कागदावर वर डाव्या कोपऱ्यात लिहिलाय, वाचा. तेही लिहून घेतलं.”

सोळा त्रिक अठ्ठेचाळीस. चहा अकराला. टकळीच्या डोक्यात पाढा आपोआप उलटा फिरला आणि दहा बाराशी येऊन थांबला. दहा बारा हा आकडा तिच्या ओळखीचा होता. तो घरात आठवडाभर जेवणाच्या टेबलावर मिठाच्या डबीसारखा पडून होता. आई म्हणाली होती, “दहा बाराला बेल, वीस सेकंदांत बंद. वीस सेकंद! मोठमोठ्या हॉस्पिटलांत होत नाही इतक्या लवकर.” आई या मजल्याची मुख्य सिस्टर होती. बेल वाजली, तिघी सेविकांपैकी कुणीतरी गेली, काय हवं-नको ते बघून आली, आणि आजी पडल्या त्या नंतर कधीतरी, अकराच्या सुमाराला, असं आईनं लिहून दिलं होतं. खाली सही केली होती. कोण गेली होती, ते मात्र तिघींनाही आठवत नव्हतं. प्रत्येकीला वाटत होतं, दुसरी गेली असणार. टकळी ते ऐकत जेवली होती, आणि चपलेत खडा जावा तसं काहीतरी टोचलं होतं तिला. पण खडा काढायला थांबलं की सगळे पुढे जातात, म्हणून ती तशीच चालत राहिली होती.

तिनं दाराकडे बघितलं. दार रिकामं होतं. विषय गंभीर व्हायला लागला की मैत्रिणी हवेत विरघळतात, हा जुना अनुभव. “आजी,” ती म्हणाली, “तुम्ही नक्की कुठं पडला होता?” आजींनी बोटानं दाखवलं, खिडकी आणि पलंग यांच्या मधली पट्टी, सतरंजी अंथरायलासुद्धा पुरणार नाही एवढी. टकळीनं दप्तर काढून ठेवलं, बूट काढले (का काढले, कुणास ठाऊक), आणि तिथं उताणी झोपली. फरशी गार होती. खालून खोली वेगळीच दिसत होती. पलंगाखाली चिकटलेला धुळीचा एक गोळा, पलंगाच्या दांडीला बसवलेलं कारखान्याचं पत्र्याचं लेबल, आणि बरोबर समोर, पावलांच्या पलीकडे, दार, दारावरचा दिवा आणि त्याच्या शेजारी भिंतीवरचं घड्याळ. पडलेल्या माणसाला दिसावं म्हणूनच जणू कुणीतरी ते टांगलं होतं. “दाबा बेल,” ती म्हणाली. “अगं पण मला काही नकोय.” “मला हवंय, आजी. दाबा.”

दिवा लागला. लाल, बटणाएवढा. लांब, सेविकांच्या टेबलापाशी, टिंग-टिंग सुरू झालेली ऐकू आली, तिची ओळखीची टिंग-टिंग, पण आजवर ती तिनं नेहमी त्या बाजूनं ऐकली होती. या बाजूनं तो आवाज दुसऱ्या कुणाच्या तरी घरातल्यासारखा वाटत होता. तिनं सेकंदकाट्याकडे बघितलं. सात, आठ, नऊ. दिवा विझला, टिंग-टिंग थांबली. आणि सगळं माहीत असूनही, हातात सोळाचा पाढा असूनही, तिच्या छातीतला श्वास सैल झाला. आलं, तिला वाटलं. येतंय कुणीतरी. तिनं घागऱ्याच्या घोळासारखा पसरलेला शाळेचा स्कर्टसुद्धा सारखा केला, येणाऱ्या माणसाला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून. व्हरांड्यातून पावलं आली. तिनं मान उचलली. पावलं पुढे गेली. कुणाचा तरी खोकला. नळाचा आवाज. वरच्या मजल्यावर खुर्ची सरकली. असं कसं कुणी येत नाही, दिवा तर विझलाय, म्हणजे कुणीतरी बघितलंय, म्हणजे आपण आहोत हे कुणाला तरी माहीत आहे. एवढ्या एका गोष्टीला धरून माणूस किती वेळ पडून राहू शकतो?

“तीन मिनिटं झाली,” पलंगावरून आवाज आला. वेगळाच आवाज, गुळगुळीत, तरुण, कुठल्या तरी जुन्या दुपारीतून निघून आलेला. “वाढवायचंय का?”

“वाढवा, आजी.”

दुसऱ्या कॉलला तिला हसू येत होतं. तिसऱ्याला पाठीचे मणके एकेक करून फरशीला लागायला लागले. चौथ्याला तिला आठवलं, लहानपणी एकदा ती कपाटात लपली होती आणि शोधणाऱ्या मुली खेळ सोडून घरी निघून गेल्या होत्या. ती आत बसून आपण किती छान लपलोय या आनंदात होती, अंधार पडेपर्यंत. आईनं शोधलं होतं तेव्हा. आईनं सगळी कपाटं उघडली होती. पाचव्या कॉलला तिला कळलं की आपण उठू शकतो म्हणून पडून आहोत. ती उठली. बूट हातातच घेतले. “आजी, कुणी आलं नाही,” ती म्हणाली. आजी म्हणाल्या, “येतील गं. कामात असतील बिचाऱ्या.” आणि ते ‘बिचाऱ्या’ त्यांनी मनापासून म्हटलं होतं. सणसणीत थोबाडीत बसली असती तरी टकळीला बरं वाटलं असतं.

टेबलापाशी मावशी, म्हणजे तिघी सेविकांपैकी एक, नव्हत्या. कुणाची तरी चादर बदलायला गेल्या होत्या. तीन सेविका आणि चाळीस खोल्या, तेव्हा कुणी ना कुणी चादरीत अडकलेलं असायचंच. जाताना त्या नेहमीसारखं सांगून गेल्या असणार, “पोरींनो, तेवढे दिवे बघा गं.” त्यांच्या खुर्चीत चष्मिष बसली होती, समोरच्या पाटीवर चाळीस छोटे दिवे आणि प्रत्येकाखाली एकेक बटण. टकळीला बघताच तिनं दोन्ही हात वर केले. “नऊ सेकंद! खोली सात, नऊ सेकंद! गेला तुझा विक्रम!”

खेळ त्यांनीच शोधला होता, आणि खरं तर शोधला होता टकळीनं. दिवे बघायचे म्हणजे काय, हे मावशींनी कधी सांगितलं नाही आणि त्यांनी कधी विचारलं नाही. दिवा लागला की टिंग-टिंग व्हायची, कटकट व्हायची. बटण दाबलं की थांबायची. मग तेच काम असणार. पुढे त्याचा खेळ झाला. दिवा कोण आधी मारतं. मग भांडणं झाली, मग नियम आले. लिहिल्याशिवाय मारलेला दिवा धरायचा नाही. खोली, वेळ, किती सेकंद, कुणी. लिहायचं काम टकळीकडे, कारण तिचं अक्षर बरं. तिनं दप्तर उघडलं, भूगोलाच्या वहीचं शेवटचं पान काढलं. बोट लावून शोधायचीसुद्धा गरज पडली नाही. त्या ओळीपुढे चांदणी होती. लाल पेननं काढलेली, आत गिरवून भरलेली, एका टोकाला शाई फुटलेली. खोली ७. १०.१२. २० से. टकळी. विक्रम!! उद्गारचिन्हं दोन. ती चांदणी काढताना आपण हसत होतो, हे तिला आठवलं. जीभ दातांत धरून, शाई पसरू नये म्हणून फुंकर घालत होतो. तेव्हा व्हरांड्याच्या टोकाला एक बाई उताणी पडून पहिला कॉल मोजत होत्या.

“खेळच होता तो,” बसथांब्यावर चष्मिष म्हणाली. तिला सांगितल्यावर तिनं चष्मा काढून पुसला होता, मग परत पुसला होता. “आपल्याला काय माहीत. मावशींनीच सांगितलं ना दिवे बघा म्हणून.”

“आणि आपल्याला काय, फार तर ओरडा बसेल,” लंबू म्हणाली. “तुझ्या आईचं बघ. तिची सही आहे ना त्या कागदावर? पोरीनंच आईला खड्ड्यात घालायचं?” मग जवळ येऊन, हळू, “एकच पान आहे गं. फाड ना.”

“शनिवारचं भूगोलाचं होमवर्क मागच्या बाजूला आहे,” टकळी म्हणाली. हे तिला स्वतःलाच मूर्खासारखं वाटलं; पण त्या क्षणी पान न फाडायला तेवढं एकच कारण तिच्या हाताशी आलं. बस आली. ती चढली नाही. चालत निघाली.

चालताना पायांना घाई असते आणि डोक्याला नसते, हे बरं. कपडे धुणाऱ्याचं दुकान गेलं, त्यातला वाफेचा वास गेला, शाळेची भिंत गेली. ती बटणं टेबलावर आईनंच बसवून घेतली होती. टकळी तिसरीत असेल. त्याआधी बेल बंद करायला खोलीपर्यंत जावं लागायचं आणि तोवर ती टिंग-टिंग चाळीस खोल्यांत घुमायची. माणसं घाबरायची, रडायची, एक आजोबा दर बेलला कपडे घालून निघायला तयार व्हायचे. आई वरच्या लोकांशी चार महिने भांडली होती. घरी येऊन गरम पाण्यात पाय बुडवून म्हणायची, “उठल्यावर दिवा विझवायचा, म्हणजे त्यांना कळेल की आपण निघालोय. आवाज नको, नुसता निरोप.” आईच्या हातची चिठ्ठी होती त्या पाटीवर. उठल्याशिवाय दिवा विझवू नये. टकळीनं ती बघितली होती, आत्ता तिला लख्ख दिसत होती, पाळ्यांच्या तक्त्याखाली अर्धी गेलेली, ‘उठल्याशिवा’पर्यंतच वाचता येणारी. आईनं निरोप म्हणून केलेली गोष्ट, आणि आपण. तिचा चेहरा तापला. पण गंमत अशी की भीतीच्या खाली, अगदी तळाशी, काहीतरी घट्ट होत चाललं होतं, साखर कडेला धरते तसं. आजींचा आवाज आठवत होता. वाढवायचंय का? नाही, तिनं मनात म्हटलं. आता नाही वाढवायचं. आणि रस्त्याच्या कडेला उभं राहून तिनं ते मोठ्यानं म्हणून बघितलं. एका सायकलवाल्यानं वळून बघितलं. आवाज ठीक होता.

घरी बाबा आईचा गणवेश इस्त्री करत होता. कॉलरशी येऊन तो नेहमी थांबायचा, पाणी शिंपडायचा, कारण आईचं म्हणणं होतं की कॉलर कडक असली की माणसं वाद कमी घालतात. “आज गप्प?” तो म्हणाला. “घशाला सुट्टी दिलीस की काय?” त्यानं इस्त्री उभी केली. “आईला आज काही विचारू नकोस हं. सोमवारचं तेवढं मिटू दे.” आई दिवे लागायच्या सुमाराला आली. चपला काढतानाच म्हणाली, “मिटतंय. सोमवारी अहवाल. नोंद साफ आहे. आजींना वर हलवायचं म्हणतायत, तिथं निदान लक्ष तरी राहील.” आणि खुर्चीत बसली, डोळे मिटून, पाय पुढे करून. तिचे पाय सुजले होते. टकळीनं त्या पायांकडे बघितलं आणि क्षणभर सगळं घट्ट झालेलं सैल झालं. पान एकच होतं. इस्त्री गरम होती. आजी तर रागावल्याही नव्हत्या.

मग तिनं वही टेबलावर ठेवली, शेवटचं पान उघडून, चांदणी आईच्या बाजूला.

आईनं वाचायला फार वेळ घेतला नाही. ती आकडे वाचणारी बाई होती. बाबा खांद्यावरून वाकला, वाचलं, पुन्हा वाचलं. “हे… हा खेळ आहे कसला तरी,” तो म्हणाला. “कुणाला दाखवलंस?” मग आईकडे न बघता, “वही काय, हरवतातही वह्या.”

“बाबा.”

“तुला कळतंय का आईचं काय होईल?”

“कळतंय. म्हणून आधी इथं दाखवतेय.”

आईनं बोट चांदणीवर ठेवलं होतं, फुटलेल्या शाईवर. “कुणीच गेलं नव्हतं,” ती म्हणाली, कुणालाही उद्देशून नाही. “मी तिघींना विचारलं. ‘कुणी गेलं होतं का’ असं नाही विचारलं. ‘कोण गेलं होतं’ असं विचारलं.” तिनं वर बघितलं. डोळ्यांत राग होता, आणि तो कुणावर आहे ते ठरत नव्हतं. “आणि तू? तुला एकदाही वाटलं नाही, दिवा का लागलाय ते बघून यावं?”

“नाही वाटलं,” टकळी म्हणाली. याच्याशी जोडायला तिच्याकडे दुसरं काही नव्हतं आणि तिनं शोधलंही नाही. “ते पण सांगणार आहे. आई, सोळा कॉल म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं. दहा बारा ते अकरा. आजींचा हिशेब यंत्रापेक्षा बरोबर आहे. त्यांचं डोकं शाबूत आहे आणि त्यांना कड्यांच्या मजल्यावर पाठवतायत, माझ्या चांदणीमुळे.” आवाज चढायला लागला होता. खाली वाहनतळापर्यंत जाणारा तो आवाज. तिनं तो चढू दिला. “सोमवारी मी शाळेत जाणार नाही. दहा वाजता तपासनीस बाई येतील तेव्हा मी टेबलापाशी उभी असेन, वही घेऊन. दिवा मी विझवला, असं सांगणार. चाळीस खोल्यांना तीन बायका पुरत नाहीत, हेही. तुझी चिठ्ठी तक्त्याखालून काढून दाखवणार. तू माझ्याबरोबर आलीस तर आपण दोघी जाऊ. नाही आलीस तरी मी जाणार. आणि हे पान मी तिथं वाचून दाखवणार आहे, अगदी चांदणीसकट. खोली सातपर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.”